जुने संगणक, नवी अवजारे आणि आपला ळ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. आम्ही तिघे त्यांतले नाही. एकाच पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नंतर वेगवेगळ्या सरकारी कार्यालयांत फायलींमध्ये बुडून गेलो. तिघांच्या वतीने एकाने बोलायचे ठरले आहे, म्हणून भाषणभर 'आम्ही' ऐकू येईल. तो मोठेपणाचा 'आम्ही' नाही.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मंडळाच्या सभागृहात अकरा मुलांसाठी पंधरा दिवसांचा एक वर्ग घेतला. विषय होता, जुन्या संगणकांसाठी आणि व्हिडिओ गेमसाठी प्रोग्राम लिहिणे. परवानगी मागायला गेलो तेव्हा कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारले, "चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकावर शिकून पोरांना नोकरी लागणार आहे का?" आम्ही म्हटले, "नाही काका." तरीही त्यांनी सही केली. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आज देतो.

आपल्यातल्या काहींना शाळेतला 'कॉम्प्युटर रूम' आठवत असेल. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा 'बीबीसी मायक्रो' हा संगणक शाळांत आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये त्याची भारतीय आवृत्तीही निघाली. आम्ही नववीत असताना आमच्या शाळेतले यंत्र मखमली कापडाखाली झाकलेले असे. चपला बाहेर काढून आत जायचे, एका यंत्राभोवती दहा-बारा मुले, आणि आपली पाळी येईपर्यंत तास संपलेला. त्यामुळे प्रोग्राम वहीत लिहायचे आणि घरी न्यायचे. आमच्यापैकी एकाची अशी वही त्याच्या आईने जपून ठेवली होती. त्यातला एक प्रोग्राम कधी चाललाच नव्हता, कारण पाळी आली नाही.

पुढे पॉलिटेक्निकमध्ये ८०८५ चे किट मिळाले. त्यावर पडदा नाही, फक्त आकड्यांची बटणे आणि लाल अंकांची छोटी पट्टी. तक्ता पाहून प्रत्येक आज्ञेचा आकडा कागदावर लिहायचा. 'ॲड बी' म्हणजे ८०, 'हॉल्ट' म्हणजे ७६. मग एकेक आकडा बटणाने भरायचा. मध्येच वीज गेली की सगळे पुसले. पुन्हा पहिल्यापासून.

आता नवी अवजारे काय करतात ते सांगतो, म्हणजे फरक लक्षात येईल.

पहिले अवजार म्हणजे आजच्या लॅपटॉपवर बसून जुन्या यंत्राचा प्रोग्राम तयार करणे. बीबीसी मायक्रोचा मेंदू ६५०२ नावाची चिप आहे. ती १९७५ साली आली. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉममध्येही याच घराण्यातली चिप आहे. आपण भाच्यांसाठी जे 'टीव्ही गेम' आणत असू, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला. या चिपसाठी 'सीसी६५' नावाचा कंपायलर आहे. लॅपटॉपवर सी भाषेत लिहा, तो ६५०२ चे आकडे काढून देतो. आकडे थेट हाताळायचे असतील तर बीबीसी मायक्रोसाठी 'बीबअॅझम' आहे. तो तुमच्या प्रोग्रामची तयार फ्लॉपीच बनवतो, अर्थात फाइलच्या रूपात.

दुसरे अवजार इम्युलेटर. लॅपटॉपच्या पडद्यावर तो जुने यंत्र हुबेहूब उभे करतो. मॅट गॉडबोल्ट यांचा 'जेएसबीब' तर ब्राउझरमध्येच चालतो, काही बसवावे लागत नाही. फॅमिकॉमसाठी 'मेसेन' आहे. यांची खरी मदत अशी की चालता प्रोग्राम हवा तिथे थांबवता येतो आणि मेमरीच्या कुठल्या घरात कोणता आकडा आहे ते उघडून पाहता येते. डिप्लोमाच्या काळात आम्हाला हे मिळाले असते तर दोन विषयांत एटीकेटी लागली नसती!

तिसरा प्रकार लहान मुलांसाठी. ख्रिस मॉल्टबी यांनी २०१९ मध्ये आणलेल्या 'जीबी स्टुडिओ'त चित्रे आणि घटना जुळवून गेम तयार होतो आणि तो खऱ्या गेमबॉयवरही चालतो. ही सगळी अवजारे फुकट आहेत आणि कायदेशीर आहेत. दुसऱ्याचे जुने गेम उतरवून घेणे मात्र कायदेशीर नाही. सरकारी नोकर असल्यामुळे हे सांगून ठेवतो.

आता मुख्य मुद्दा. या अवजारांनी थांबणे संपवले, खाडाखोड संपवली. पण यंत्र तेवढेच लहान राहिले. बीबीसी मायक्रोत ३२ किलोबाइट मेमरी. फॅमिकॉममध्ये कामाची मेमरी २ किलोबाइट. १९७७ च्या अटारी २६०० मध्ये १२८ बाइट. मुलांना हा आकडा पटेना, म्हणून आम्ही फळ्यावर लिहिले, 'गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या'. आजच्या मोबाइलमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगवेगळे मोजायचे. मुलांनी मोजले: ३४ चिन्हांचे १०२, मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम मिळून ७, एकूण १०९. म्हणजे अटारीच्या मेमरीत बाप्पाचा एक जयघोष बसतो आणि १९ बाइट उरतात. तेवढ्यात लोकांनी गेम चालवून दाखवले. एक मुलगा म्हणाला, "काका, मग माझा फोन इतका का अडकतो?" हा प्रश्न पडावा म्हणूनच तर वर्ग घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ती जुनी वही काढली. तिच्यातला प्रोग्राम जसाच्या तसा जेएसबीबमध्ये भरला. पडद्यावर आले, 'नो सच व्हेरिएबल ॲट लाइन ७०'. वहीत शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' लिहिला होता. तो बदलला आणि पडद्यावर वर्तुळ उमटले. तीस वर्षांहून जास्त वाट पाहिलेले वर्तुळ! वहीचा मालक काही बोलला नाही, फक्त मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला.

मग मुलांना मराठी अक्षरे काढायला दिली. बीबीसी मायक्रोला देवनागरी येत नाही, पण 'व्हीडीयू २३' या आज्ञेने स्वतःचे अक्षर शिकवता येते. आठ बाय आठ चौकटींचा आलेख घ्यायचा, भरलेल्या चौकटींची बेरीज करायची, दर ओळीला एक आकडा. पूर्ण भरलेली ओळ म्हणजे २५५. ती आपली शिरोरेखा. अशा ३२ जागा असतात, ३२ गुणिले ८ म्हणजे २५६ बाइट, मेमरीतल्या एकाच पेटीत.

वर्गात एक काळे आडनावाची मुलगी होती. घराच्या पाटीवर काळे, पण शाळेच्या मार्कशीटवर 'काले'. तिला विचारले तर म्हणाली, "हिंदीत ते अक्षर नाहीये ना, म्हणून." आपल्या इंदूरच्या घराघरांतली ही गोष्ट आहे. मुलांना देवनागरी येते ती हिंदीमुळे, त्यामुळे ळ त्यांच्या हातात बसतच नाही. या मुलीने हट्ट धरला की आपले आडनाव यंत्रावर आणायचेच.

आठ बाय आठमध्ये काढलेला तिचा ळ चष्म्यासारखा दिसला. मग सोळा बाय सोळाचा आलेख घेतला. वरच्या तीन ओळी मात्रेसाठी, चौथी शिरोरेखेची, खाली दोन पोकळ वाटोळी. एका अक्षराला चार जागा, ३२ आकडे. म्हणजे एका वेळी फक्त आठ अक्षरे मावणार. ती ठरवायची तर आधी विचार करावा लागतो. इथे आम्ही एक नियम केला होता: कागदावर पूर्ण झाल्याशिवाय लॅपटॉपला हात नाही. कारण नव्या अवजारांत एक खोट आहे. चटकन चालवून पाहता येते म्हणून मुले विचार न करता बदलत राहतात. आमच्या काळी पाळी येत नसे, त्यामुळे डोके आपोआप चालायचे. तेवढे जुने वळण आम्ही मुद्दाम ठेवले.

आडनाव पडद्यावर आले, पण शिरोरेखा मधेच तुटत होती. आम्ही तिघांनी आलेख तपासला, चूक दिसेना. शेजारच्या सातवीतल्या मुलाने इम्युलेटरमध्ये ती २५६ बाइटची पेटी उघडली आणि बोट ठेवले, "काका, इथे २५४ आहे." शेवटची एक चौकट भरायची राहिली होती. २५५ केले, रेघ जुळली.

शेवटच्या दिवशी खरे यंत्र आणले. एका शाळेने भंगारात काढलेले बीबीसी मायक्रो आम्ही रीतसर पावती करून घेतले होते. कुणाकडे माळ्यावर असले यंत्र असेल तर एक सूचना: एकदम वीज लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमधले जुने कपॅसिटर तडकून धूर काढतात. आधी जाणकाराकडून ते बदलून घ्या. आमच्या यंत्रात ते बदलले, फ्लॉपीऐवजी एसडी कार्डाची पट्टी जोडली आणि जुन्या टीव्हीवर लॅपटॉपवर तयार केलेला तोच प्रोग्राम चालवला. पडद्यावर 'काळे' आले. तिची आजी आली होती. ती म्हणाली, "आता हे शाळेतही नीट करून घ्या गं." अर्ज कुठे आणि कसा करायचा, हे आम्ही तिच्या बाबांना सांगितले. ते तर आमचे रोजचेच काम!

जाता जाता एक गोष्ट. याच बीबीसी मायक्रोची बेसिक भाषा लिहिणाऱ्या सोफी विल्सन आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फर्बर यांनी पुढे 'आर्म' प्रोसेसर घडवला. १९८५ मध्ये त्याची पहिली चिप चालली. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातला फोन त्याच घराण्यातल्या चिपवर चालतो. म्हणजे मुले जे शिकली ते मेलेल्या यंत्राबद्दल नव्हते.

काका, नोकरीचे आम्ही सांगू शकत नाही. पण अकरा मुलांना कळले की यंत्राच्या आत जादू नाही, आकडे आहेत, आणि एक आकडा चुकला तर तो शोधून दुरुस्त करता येतो. पुढच्या सुट्टीत वर्ग पुन्हा घेणार आहोत. सभागृह आणि तुमची सही, दोन्ही हवी आहेत.

गणपती बाप्पा मोरया!