शिक्षकांचा एकत्र पाठाभ्यास



जपानांतील प्राथमिक शाळांत मेजी काळांत रुजलेली एक रीति आपणांपुढें ठेवावीशी आम्हांस वाटते. कांहीं शिक्षक मिळून एकाच पाठाची आखणी करतात. त्यांपैकीं एक तो शिकवितो, बाकीचे वर्गांत उभे राहून पाहतात. पाहतात कोणास? शिकविणारास नव्हे, मुलांस! कोणतें मूल कोठें अडलें, कोणत्या प्रश्नानें बोलतें झालें, हें टिपून घेतात. मग चर्चा होऊन पाठ सुधारला जातो. १९९९ सालीं स्टिगलर व हीबर्ट यांच्या ग्रंथामुळें ही रीति अमेरिकेंतही गाजली.

आपल्या वर्गांत दुसरा शिक्षक आला म्हणजे तपासणीच, ही भीति आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. दार बंद ठेविल्यानें शिक्षकाचा मान कदाचित् राहत असेल. मुलाची अडचण मात्र तशीच वरच्या इयत्तेंत जाते. येत्या शनिवारीं चौथीच्या अपूर्णांकांपासून आरंभ करूं या.