पाठीच्या कण्यातील कृमिकोष
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



पाठीचे दुखणे घरोघरी असते. आज आम्ही ज्या व्याधीविषयी बोलणार आहोत ती मात्र दुर्मिळ आहे; आणि दुर्मिळ असल्यामुळेच ती ओळखण्यास विलंब होतो.

एकिनोकॉकस नावाचा, अवघ्या काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात व चाऱ्याबरोबर मेंढरांच्या पोटात जातात. तेथे यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेले कोष वाढतात. असे अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. मनुष्य या चक्रात अभावितपणे सापडतो : न धुतलेले हात, कच्ची भाजी किंवा दूषित पाणी यांतून अंडी त्याच्या पोटात जातात. मांसाशनाने हा रोग जडत नाही. तेव्हा शाकाहारी कुटुंबांनीही निश्चिंत राहू नये.

माणसात बहुतेक कोष यकृतात व फुप्फुसात होतात. हाडांत ते शंभरात एकदोनच. पण त्यांपैकी जवळजवळ निम्मे मणक्यांत आढळतात. यकृतातील कोषाभोवती शरीर स्वतःचे आवरण निर्माण करते. हाडात तसे आवरण होत नाही. त्यामुळे द्राक्षांच्या घडासारखे लहान कोष वर्षानुवर्षे हाड पोखरीत राहतात. पुढे मज्जारज्जूवर दाब पडला की पायांतील बळ जाते व मलमूत्रावरील ताबा सुटतो.

आपल्या देशात मणक्याचा क्षय पुष्कळ आढळतो, आणि ही व्याधी त्याच्यासारखीच भासते. क्षयाची औषधे नियमित घेऊनही गुण येत नसेल, तर ती आपल्या मनाने न सोडता वैद्यांकडे फेरविचाराचा आग्रह धरावा. एम.आर.आय. चित्रणात कोषांचे पुंजके दिसतात, सी.टी. चित्रणाने हाडाची झीज कळते. रक्तातील प्रतिद्रव्यांची तपासणी साह्यकारी आहे. पण ती नकारार्थी आली म्हणून रोग नाही, असे ठरत नाही. कोषाचा संशय असता सहज म्हणून सुई टोचणे धोक्याचे असते. आतील द्रव सांडल्यास तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते आणि रोगही पसरतो.

उपचारात शस्त्रक्रिया मुख्य होय. कोष न फोडता शक्य तितके रोगट हाड काढावे लागते व कणा धातूच्या पट्ट्यांनी सावरावा लागतो. जोडीला अल्बेंडाझोल हे औषध कित्येक महिने, यकृताची व रक्ताची तपासणी करीत, द्यावे लागते. रोग उलटण्याचा संभव मोठा असल्याने बरे वाटल्यावरही वर्षानुवर्षे तपासणी चुकवू नये.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. आइसलँडमध्ये हा रोग एके काळी घरोघरी होता. हॅराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने 1863 मध्ये तेथे जाऊन कुत्र्यांची तपासणी केली. पुढील वर्षी त्याची लहानशी पुस्तिका घरोघरी वाटली गेली. लोकांनी ती वाचली, रोगट अवयव कुत्र्यांपासून दूर ठेवले, पुढे कायदेही झाले, आणि काही पिढ्यांत ते बेट या रोगातून मुक्त झाले.

आपली ही स्मरणिकाही घरोघरी जाते. पाळीव कुत्र्यास पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतांचे औषध द्यावे, त्याला कच्चे अवयव घालू नयेत आणि मुलांना जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.