शिक्र्याला मारावे काय?



अंगणातल्या चिमणी-बुलबुलांवर शिक्रा झडप घालतो. पाहून जीव कळवळतो. मग कोणी म्हणते, "मुलांना बेचकी द्या, मारून टाका मेल्याला!"

मी सातवी शिकलेली बाई. पण विचारते, चिमणी तरी पिलांना काय भरवते? अळ्या नि किडेच ना? तिला आपण पापिणी म्हणत नाही. शिक्राही आपल्या पिलांचेच पोट भरतो. दाणे टाकून त्याचे भागत नाही. शिवाय तो उंदीर, सरडे, टोळही खातो.

थोडे दूरचे उदाहरण सांगते. चीनमध्ये १९५८ साली, धान्य खातात म्हणून चिमण्या मारल्या. पुढे किडी माजल्या, पिकांची हानी झाली, आणि १९६० साली ती मोहीम आवरावी लागली. मारणाऱ्याला पुढचे दिसत नाही, ते असे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिक्रा मारणे हा गुन्हाच आहे. चिमण्यांची खरी कळकळ असेल, तर त्यांना लपायला जागा द्या. मेंदी, कोरांटीचे दाट कुंपण करा, मांजर आवरा. वर्धापनदिनी प्रत्येकीने एक तरी झुडूप लावावे, एवढी विनंती करून माझे भाषण पुरे करते.