तळपायावरचा तीळ
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मेलॅनोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो गोऱ्यांचा रोग, ही समजूत अगदीच निराधार नाही. ऑस्ट्रेलियाच्या प्रखर उन्हात राहणाऱ्या गौरवर्णीयांत तो फार, आपल्यांत विरळा. परंतु आपल्यांत होतो तेव्हा तो बहुधा तळपाय, तळहात वा नख यांच्या आश्रयाने होतो. तळपायाला ऊन लागत नाही, आणि आपली नजरही तिकडे जात नाही. जमैकाचे सावळे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो १९७७ साली सापडला. १९८१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

जपानी लोकांतही हा रोग तळपायावरच अधिक. म्हणून तेथील शिन्शू विद्यापीठाचे तोशिआकी साइदा व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. डर्मोस्कोप नावाचे, सुमारे दहापट मोठे दाखविणारे व स्वतःचा प्रकाश असलेले भिंग त्वचेवर टेकवून डाग पाहतात व त्याचे छायाचित्र घेतात. त्यांत काय पाहावे, हे शेती पाहिलेल्यांस चटकन उमजेल. तळव्याच्या कातडीवर सरी-वरंबे असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा पाटाच्या पाण्याप्रमाणे सरींतून जातो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर चढतो. वरंबा ओळखण्याची खूणही निसर्गाने ठेवली आहे : घामाची छिद्रे वरंब्यावरच उघडतात व भिंगातून पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात. इतकी सुबोध आकृती आम्हांस भूमितीच्या पुस्तकांतही क्वचितच आढळली!

घरी असे भिंग कोठून असणार? तरीही ७ मिलिमीटरहून मोठा काळा डाग किंवा नखातील रुंदावत जाणारी काळी रेघ नुसत्या डोळ्यांनाही दिसते. ती त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावी. कुरूप समजून असा डाग पात्याने तासणे किंवा त्यावर बिब्बा लावणे आम्हांस घातक वाटते. वृद्धांना वाकून आपला तळवा पाहता येत नाही. तो नातवाने पाहावा, शेजारी मोजपट्टी धरून मोबाईलवर छायाचित्र घ्यावे व त्यावर तारीख घालावी.

छायाचित्रावरून निदान सुचविणारी यंत्रेही निघाली आहेत. मात्र त्यांच्या शिक्षणासाठी वापरलेली चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची. न शिकविलेल्या धड्यावर परीक्षा घेऊ नये, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे.

छायाचित्राने शंका येते. निर्णय तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच. तेथे रोगाची खोली मोजतात. ती १ मिलिमीटरच्या आत असताना डाग काढला, तर बहुतेक रोगी बरे होतात.