पेट्रोलचा काटा का बिघडतो?

खेड्यातली जीप रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेते. काटा अर्धी टाकी दाखवतो आणि घाटात गाडी बंद पडते. मग हा बिघाड जिवावर बेततो. तो शोधायचा कसा, ते आज पाहू.

रचना अगदी साधी आहे. टाकीत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वरखाली झालं की त्याची दांडी विजेच्या रोधकावर सरकते. रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याच्या बटणात असतो, तसाच हा रोधक. प्रवाह बदलतो आणि समोरचा काटा हलतो. शिक्षक मंडळींनी फळ्यावर हे चित्र काढून दाखवावं. मुलांना चटकन समजेल.

आता परीक्षा करू. बिडी, कंदील दूर ठेवा. आधी फ्यूज पाहा. मग चावी बंद करून टाकीवरची काट्याची वायर सोडवा. टोक कुठं टेकू न देता चावी फिरवा व काटा कुठं थांबतो ते पाहा. पुन्हा चावी बंद करा. वायरीला तुकडा जोडून तिचं टोक टाकीपासून दूर, गाडीच्या सांगाड्याच्या उघड्या लोखंडाला घट्ट बांधा आणि चावी फिरवा. काही काटे सावकाश सरकतात, थोडं थांबा. काटा दुसऱ्या टोकाला गेला, की लगेच चावी बंद करा. काटा आणि वायर ठीक आहेत. दोष टाकीकडे आहे. काटा हललाच नाही, तर वायर तुटलेली किंवा काटाच निकामी.

दोष टाकीकडे असेल, तर टाकी उघडण्याची घाई नको. वायर पूर्ववत जोडा. टाकीतल्या यंत्राच्या बाहेरच्या धातूपासून सांगाड्यापर्यंत एक जादा वायर जोडा. काटा सुधारला, तर गंजानं ‘अर्थ’ तुटला होता, एवढंच. नाहीतर दांडी अडकली असेल, रोधक झिजला असेल, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल. ते काम मिस्त्रीकडं द्या.

ही परीक्षा जुन्या, साध्या गाड्यांसाठी आहे. हल्लीच्या संगणक असलेल्या गाड्यांवर करू नका.

आणि दुरुस्ती होईपर्यंत? पेट्रोल भरताना मैल किंवा किलोमीटर वहीत टिपा. टाकीचं तोंड सरळ असेल, तर स्वच्छ कोरडी काठी बुडवून पाहा. बिघडलेल्या काट्यापेक्षा काठीवरची ओल भरवशाची.