भाव घराचा की जमिनीचा?

वरळी किंवा लोअर परळ येथील घरांचे भाव चढले, की 'बाजार तेजीत आहे' असे म्हटले जाते. परंतु विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी वरळीत व विरारला फारशी वेगळी नसते. वेगळी असते ती जमीन. तिचे मोल रस्ते, रेल्वे, पाणी आणि गिरणगावात राबलेल्या पिढ्या यांनी वाढविले. वाढ समाजाची, पडते मात्र मालकाच्या पदरात.

१९९१च्या नियमावलीने पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकतृतीयांश मोकळ्या जागेसाठी व तेवढाच सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतीच उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. २००७ साली राज्याने नागरी कमाल जमीनधारणा कायदाही गुंडाळला.

२०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आढळली. घर जेथे पैशाची तिजोरी होते, तेथे नुसती अधिक घरे बांधून टंचाई संपत नाही. म्हणून 'स्वस्त घरे द्या' एवढीच मागणी पुरेशी नाही. जमिनीच्या वाढत्या मोलातील समाजाचा वाटा मागावयास हवा. तो दानाचा नव्हे, हक्काचा आहे.