आबिड्सचा रविवार आणि गायब झालेलं मधलं पान



रविवारी हैदराबादच्या आबिड्स भागातली मोठी दुकानं बंद असतात आणि त्यांच्या शटरसमोर, फुटपाथवरच, जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. हा भाग ओळखला जातो तो अल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते खास सेवक. निजामाच्याच वस्तू ते पुन्हा निजामालाच विकायचे, अशी दंतकथा जुने हैदराबादी रंगवून सांगतात. खरी असो वा नसो, जुन्या मालाला नवं गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या रस्त्याला ती शोभते!

माझे पाय थबकतात ते मासिकांच्या गठ्ठ्यापाशी. 'स्पोर्टस्टार'चा एखादा जुना अंक उचलावा, मधोमध उघडावा, तर दोन गंजक्या पिना, त्यांत अडकलेले कागदाचे कपटे, आणि मधलं पान गायब!

खेळाला वाहिलेलं हे नियतकालिक 1978 मध्ये मद्रासहून निघालं. दूरदर्शन रंगीत झालं 1982 साली, आणि त्यानंतरही कित्येक घरांत कृष्णधवल संचच होता. आवडता खेळाडू रंगात पाहायचा तर मधल्या पानावरचं रंगीत पोस्टर हवंच. त्यात 1984-85 च्या मोसमात अझरुद्दीननं पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं ठोकली. इथून जवळच, गनफाउंड्रीच्या ऑल सेंट्स शाळेत शिकलेला हा मुलगा! मग काय, कणकेची खळ करायची आणि पोस्टर कपाटाच्या दारावर चिकटवायचं. आईनं कितीही आरडाओरडा केला तरी.

जर्मनीत 1956 साली निघालेल्या 'ब्रावो' मासिकानं हे वेड अचूक हेरलं होतं. 1959 मध्ये त्यांनी ब्रिजित बार्दोचं पूर्णाकृती चित्र तुकड्यातुकड्यांनी छापलं. दर अंकात एक तुकडा. कापा, जोडा, भिंतीवर लावा. एक अंक हुकला की नटी अपुरी! मुलं पुढचा अंक घेणार नाहीत तर काय करतील?

संग्राहक अखंड अंक शोधतात. मला मात्र मधलं पान फाडलेला अंकच जास्त खरा वाटतो. तो कुणाच्या तरी मनापासून आवडीचा होता, याचा तो पुरावाच आहे.

तुमच्याही माळ्यावर 'चांदोबा', 'किशोर' किंवा संदीप पाटील यांच्या संपादनाखालच्या 'एकच षटकार'चे अंक पडले असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जरूर विचारा. 1922 पासून हैदराबादच्या मराठी वाचकांचं ते हक्काचं ठिकाण आहे. आणि हो, मधलं पान नसलं तरी अंक टाकून देऊ नका.